गव्हाआधीची शिदोरी

सहलीला डबा काय न्यायचा, हा प्रश्न काही घरांत हल्ली फार अवघड होऊन बसला आहे. ज्या मुलाला सीलिअॅक आजार आहे त्याला गहू, मैदा, रवा, जव यांचा कणसुद्धा चालत नाही. त्यातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. लोक याला सरसकट 'गव्हाची अॅलर्जी' म्हणतात. ही अॅलर्जी नव्हे, आणि 'एका पावाने काय होतंय!' म्हणणाऱ्या काकू-मावश्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं. आता आपल्या सहलीचा डबा आठवा. सँडविच, समोसे, चपाती-भाजी, केक, वाटेत पावभाजी. म्हणजे सगळा गहूच! त्या पोराने खायचं काय?

गंमत अशी, की हा डबाच आमच्याकडे नवा आहे. कोकणपट्टीच्या खारट, पाणथळ जमिनीत गहू कधी रुजला नाही. इथे खाजन शेतात कोरगूट भात पिकायचं आणि डोंगरउतारावर नाचणी. घाटावरून येणारा गहू हा सणावाराचा जिन्नस. त्यामुळे वाटेवरची शिदोरी म्हणजे नाचणीची भाकरी, उकड्या तांदळाचा दहीभात, गूळ-खोबरं घातलेले फोव आणि तोंडी लावायला मिस्कूट. सहल हा शब्द नव्हता, पण सहल होती. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत बसायची, देव पालखीतून वनभोजनाला जायचा. आणि आमच्या देवळांतला गोपाळकाला तरी काय आहे? गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या आणि एकत्र कालवल्या. दही आणि पोहे. त्यात गव्हाला जागाच नाही.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि पाव आला. नुसता खाण्यासाठी नव्हे, हे लक्षात घ्यायला हवं. मिस्सेतला प्रसाद गव्हाच्याच पिठाचा लागतो, तांदळाचा चालत नाही. म्हणजे इथे गव्हाची गरज रोजच्या न्याहारीइतकीच वेदीलाही होती. (हा नियम आजही आहे. २०१७ साली व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केलं, की अगदी कमी ग्लुटेनचा प्रसाद चालेल, पूर्ण ग्लुटेनविरहित चालणार नाही.) यीस्टच्या जागी इथल्या पदेरांनी माडाची सूर वापरली. त्याच सुरेवर ख्रिस्ती घरांत तांदळाची सान्नां फुगली. पोटाला धर्म कळत नाही, तो असा!

पण राज्यकर्त्यांना आणि धर्ममार्तंडांना तो चांगला कळत होता. विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यालेला अख्खा वाडा बाटला, ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. तिच्यापेक्षा मला अधिक बोलका वाटतो तो १७३६ सालचा इन्क्विझिशनचा फतवा. अनंत काकबा प्रियोळकरांनी त्यांच्या गोव्यातील इन्क्विझिशनवरच्या १९६१ सालच्या इंग्रजी ग्रंथात तो दिला आहे. नवख्रिस्तींनी हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवून वरून मीठ घेऊ नये, अशी त्यात बंदी आहे. भातात मीठ कधी घातलं यावरून माणूस कोणाचा ते ठरवायचं! आणि इकडे आपण तरी काय केलं? पाव खाल्ला की बाटला, हे आपणच ठरवून टाकलं. गहू आणि तांदूळ ही नुसती धान्यं राहिली नाहीत, ती कुंपणं झाली.

पुढे कुंपण मोडलं. पदेराचा पाव आणि पोयी आज सगळ्या घरांत जातात, आणि ते चांगलंच झालं. फक्त या आनंदात आपली जुनी शिदोरी मात्र मागे पडली.

तिची किंमत कळायला दूरचा एक डॉक्टर आठवावा लागतो. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना या आजाराच्या मुलांबाबत पावाचा संशय होता. महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. त्या काळात ही आजारी मुलं सुधारली आणि पाव परतल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० च्या प्रबंधात त्यांनी गव्हावर बोट ठेवलं. आपल्याकडे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात या आजाराच्या प्रतिपिंडांचं रक्तातलं प्रमाण १.२३ टक्के लोकांत आढळलं, दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत. आजाराला पोषक जनुकं सगळीकडे जवळपास सारखीच, फरक मुख्यतः गहू खाण्यात होता. इंदूर-ग्वाल्हेरच्या पोळीवर वाढलेल्या आपल्या मंडळींनी हे आकडे जरूर पाहावेत.

तर मग डबा भरू या. हळदीच्या पानातल्या पातोळ्या, तांदळाच्या कण्यांची तवसळी, नाचणीची भाकरी, सान्नां, दहीभात. गोडाला दोदोल, कारण त्यात तांदळाचं पीठ, नारळ आणि गूळ. बेबिंका मात्र नको, त्यात मैदा. खरे चोर वेगळेच आहेत. बाजारच्या खड्याव्यतिरिक्तच्या हिंगात बहुधा मैदा असतो. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही. उपासाची वऱ्याची, राजगिऱ्याची भाजणी त्यापेक्षा निर्धास्त. आणि तळलेला इसवण! आता तो सगळीकडे रव्यात घोळवतात. जुन्या घरांत तांदळाचं पीठ लावायचे, तेच लावा. तेलही नवं घ्या, आदल्या दिवशी पुऱ्या तळलेलं नको. तवा आणि पोळपाटसुद्धा वेगळा ठेवा, चपातीचं पीठ त्यांना चिकटून राहतं. आणि त्या मुलाचा डबा वेगळा भरू नका. सगळ्यांचा तोच भरा, म्हणजे काला करताना कोणाचा हात अडणार नाही.