इव्हॉल्व्ह (अल्बम)

'इव्हॉल्व्ह' हा मुंबईच्या 'इंडस क्रीड' या रॉक बँडचा इंग्रजी गीतांचा अल्बम असून तो २०१२ साली प्रकाशित झाला. यात आठ गीते आहेत. बँडचा यापूर्वीचा अल्बम १९९५ सालचा होता; म्हणजे दोहोंमध्ये सतरा वर्षांचे अंतर पडले.

पार्श्वभूमी

१९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' या नावाने हा बँड सुरू झाला. त्या काळी रॉक बँडने परदेशी गाणी हुबेहूब वाजवावीत, अशीच श्रोत्यांची अपेक्षा असे. रॉक मशीनने 'रॉक अँड रोल रेनिगेड' (१९८८) आणि 'द सेकंड कमिंग' (१९९०) या अल्बमांतून स्वरचित गीते सादर केली, हे त्याचे खरे महत्त्व होय. १९९३ साली बँडने 'इंडस क्रीड' हे नाव स्वीकारले. पुढे १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी न्यू यॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' हा उपक्रम चालविला.

२०१० मध्ये बँडची पुनर्रचना झाली. बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया हे जुने सदस्य. त्यांना बास गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी या तरुण वादकांची जोड मिळाली.

स्वरूप

पूर्वीच्या लोकप्रियतेची पुनरावृत्ती करण्याचा सोपा मार्ग बँडने टाळला. या अल्बममधील गिटार अधिक जड व आक्रमक आहे. चाली मात्र गोड, गुणगुणता येण्याजोग्या आहेत. 'फायरफ्लाइज' (काजवे) या गीतात हा मेळ विशेष जाणवतो. असा मेळ साधणे दिसते तितके सोपे नाही. गिटारचा नाद मुद्दाम खरखरीत केला, की तो मानवी आवाजाच्याच स्वरपट्ट्यात पसरतो आणि गायकाचे शब्द बुडू लागतात. म्हणून ध्वनिमिश्रणात प्रत्येक वाद्याला स्वतंत्र जागा करून द्यावी लागते. हे काम टिम पामर यांनी केले. 'पर्ल जॅम' या अमेरिकन बँडच्या 'टेन' (१९९१) या गाजलेल्या अल्बमचे मिश्रणही त्यांचेच आहे.

'टेक इट हार्डर', 'डिझॉल्व्ह', 'नो डिसग्रेस', 'द मनी', 'कम अराउंड', 'गुडबाय' आणि 'बुलेटप्रूफ' ही अल्बममधील अन्य गीते होत.