आईची इयत्ता, बाळाची वाटी

बालपोषणाच्या पाहणीत एक रकाना हमखास असतो : आईचं शिक्षण. भरायला सोपा, समजायला अवघड. पोषणशास्त्र, गृहविज्ञान किंवा सामाजिक वैद्यक, कुठल्याही दारानं या विषयात आलात तरी तुमची पहिली गाठ त्याच्याशीच पडेल. या, बसा.

जॉन कॅल्डवेल यांनी १९७९ साली नायजेरियातल्या आकडेवारीवरून मांडलं, की आई शिकलेली असेल तर मुलं जगण्याचं प्रमाण वाढतं आणि ते केवळ घरच्या पैशानं उलगडत नाही. शाळेची पायरी चढलेल्या बाईच्या शब्दाला घरात वजन येतं, दवाखान्यात ती बिचकत नाही. पुढे १९९८ मध्ये सोनल्डे देसाई आणि सौम्या अल्वा यांनी २२ विकसनशील देशांची माहिती तपासली. घरची परिस्थिती आणि राहण्याचं ठिकाण हिशेबात धरताच मुलांची उंची आणि बालमृत्यू यांच्याशी असलेला आईच्या शिक्षणाचा संबंध बराच फिका पडला. हा वाद मिटलेला नाही, आणि त्यातच या विषयाची गोडी आहे.

आता ताटाकडे या. लिअन बर्च यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी पदार्थ पुन्हा पुन्हा चाखवले. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो जास्त आवडू लागला. म्हणजे आज थुंकलेली भोपळ्याची भाजी उद्या, परवा, आठवडाभरानं पुन्हा द्यायची. सल्ला उत्तम. पण थुंकलेली भाजी टाकून देणं परवडतं कुणाला? कॅटलिन डॅनियल यांनी बॉस्टन परिसरातल्या पालकांशी बोलून २०१६ मध्ये नेमकं हेच दाखवलं : हातावर पोट असलेले पालक मूल नक्की खाईल तेच देतात, कारण वाया गेलेल्या घासाच्या जागी दुसरा आणायला पैसे नसतात. आपण ज्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतो, तो बहुधा चोख हिशेब असतो.

आपल्याकडचं चित्र तर आणखी बोलकं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी जेमतेम ११.३ टक्के निघाली. शिकलेल्या आया देशात याहून कितीतरी जास्त आहेत. तेव्हा दहावी-बारावी झालेल्या घरांतही वाटी अपुरीच आहे, हे उघड आहे.

मोजमापाचीही एक गंमत आहे. ‘काल बाळानं काय काय खाल्लं?’ असं विचारून अन्नगट मोजतात, प्रमाण मोजत नाहीत. घट्ट वरण चमचाभर भरवलं काय आणि वाटीभर भरवलं काय, डाळीच्या गटापुढे खूण एकच. शिवाय शिकलेल्या आईला अपेक्षित उत्तर ठाऊक असतं. बिस्किटाचा पुडा ती विसरत असेल, फळ तिला आठवत असेल. शिक्षणाचा परिणाम खाण्यावर झाला की सांगण्यावर, हे रकान्यातून कळत नाही.

वडिलांच्या शिक्षणाचा रकाना बहुतेक अभ्यासक मिळकतीचा अंदाज बांधायला वापरतात. बाजारातून काय यायचं हे ठरवणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नाही, तिथे कामाला भरपूर वाव आहे. आणि मुलाखतीला जाल तेव्हा आधी विचारा, बाळाला भरवतं कोण? आई मजुरीला किंवा नोकरीला गेलेली असेल, तर आजी किंवा थोरली बहीण. तिच्या इयत्तेसाठी प्रश्नावलीत बहुधा जागाच नसते.