आलूबुखाराला बोट लावू नका

पाय जपून टाका. हे १६३० सालचं पॅरिस आहे आणि इथला चिखल काळाकुट्ट. कपड्यावर उडाला की डाग जन्मभराचा. वरच्या खिडकीतून ओरडा ऐकू आला तर सरळ भिंतीला चिकटा, मागोमाग भांडं रिकामं होणार आहे. घोड्यांची लीद, चुलींचा धूर, लोकरी कपड्यांतला घाम, सगळं उन्हाळ्याच्या उकाड्यात एकत्र शिजतंय. पाणीवाला दोन बादल्या सांभाळत तुमच्या अंगावरूनच जातो. प्रत्येक फेरीवाल्याची हाळी वेगळी. चेरी आली की कोबी, हे बाया वरच्या मजल्यावरून नुसत्या सुरावर ओळखतात.

आणि मग एकदम नाकात खरबूज शिरतं. पिकलेलं, देठापाशी फुटायला आलेलं. त्या वासामागे चला.

वेताच्या टोपल्या, त्यांत हिरवी पानं अंथरलेली, वर जर्दाळू. जर्दाळू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर ते वाळलेलं, सुरकुतलेलं येत असेल. हे तसलं नव्हे. हे टपोरं, रसानं ताठलेलं, एका बाजूनं उन्हात हुंदडून आलेल्या पोराच्या गालासारखं लाल. शेजारी पीच, त्यावरची लव बोटाला कळण्याआधी डोळ्यांना कळते. गांधीलमाशा घोंघावतायत. पांढऱ्या कॉलरची एक श्रीमंत बाई पीच उचलते, अंगठ्यानं दाबते. 'दाबू नका, बाईसाहेब, डाग पडतो,' विकणारी सांगते. आवाज नम्र आहे, नजर नाही.

तुम्ही आलूबुखार घ्या. देठाला धरून! त्या जांभळ्या सालीवर निळसर राखाडी साय आहे ना, ती एकदा बोटानं पुसली गेली की परत येत नाही.

आता नदी ओलांडून सॅं-जर्मॅं-दे-प्रेच्या बाजूला या. खोलीत जवसाच्या तेलाचा वास, आणि एकदम शांतता. एका लाकडी फलकापुढे वीस वर्षांची मुलगी उभी आहे, लुईझ म्वायों. वडील निकोला चित्रकार आणि चित्रांचे व्यापारी. ते गेले तेव्हा ही लहान होती. सावत्र वडील फ्रांस्वा गार्निएही त्याच धंद्यातले. हिचं बालपणच रंगांत आणि भावतोलात गेलं. फलक सव्वा मीटरच्या आसपास उंच, दीड मीटरहून रुंद. आत्ता पाहिलेला बाजार तिथे उतरतोय: टोपल्या, भाजी, गिऱ्हाईक, विक्रेती. पण हाळ्या नाहीत, माशा नाहीत, चिखलही नाही. तिच्या काळातले कितीतरी चित्रकार फळांशेजारी मेलेले ससे, कवट्या, कलंडलेले पेले मांडायचे. मला ही मुलगी जवळची वाटते ती इथेच. तिला फळ हे फळ म्हणून पुरतं.

तिची घाई बघा मात्र. तेलरंगाचा थर वाळायला दिवस लागतात, आणि खरबूज तेवढं थांबत नाही.

तुमच्या हातातला आलूबुखार ती मागून घेते. प्रकाशात धरते. सायीवर एका अंगठ्याचा चकचकीत, गडद ठसा. तुम्ही मान खाली घालता. ती काही बोलत नाही. ठसा भिंतीकडे जाईल असं फळ पानावर फिरवून ठेवते, आणि कुंचला पांढऱ्यात बुडवते.