तळटीप : कॉन एअर

१. कॉन एअर : अमेरिकी थरारपट, १९९७. दिग्दर्शक सायमन वेस्ट, निर्माता जेरी ब्रुकहायमर. शिक्षा भोगून घरी निघालेला कॅमेरॉन पो (निकोलस केज) ज्या विमानात असतो, ते सायरस (जॉन माल्कोविच) व त्याचे साथीदार कैदी बळकावतात. विमान सी-१२३ जातीचे, लष्करी मालवाहू. लास व्हेगासमधील अपघाताच्या दृश्यासाठी पाडायला काढलेले सँड्स हॉटेल वापरले होते. कैद्यांची हवाई वाहतूक मात्र काल्पनिक नाही : यूएस मार्शल्स सर्व्हिस आणि इमिग्रेशन खाते यांचे विमानताफे १९९५मध्ये एकत्र करून ‘जेपॅट्स’ ही यंत्रणा उभी राहिली. सुटकेची संधी असूनही पो मधुमेही मित्रासाठी विमानातच थांबतो. स्फोट आणि पाठलागांपेक्षा चित्रपटाचे खरे बळ या निर्णयात आहे.