ब्रिटनमधला पहिला महिना: आरोग्याची घडी कशी बसवाल?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनला गेल्यावर पहिले काही आठवडे घर, बँक खाते आणि कॉलेज किंवा ऑफिस यांतच जातात. डॉक्टरांची आठवण होते ती आजारी पडल्यावर. पण तिथे तज्ज्ञ डॉक्टरांकडे बहुधा जीपीमार्फतच जावे लागते. रक्तदाब, मधुमेहाची औषधे जुनी पट्टी दाखवून दुकानातून मिळत नाहीत. त्यामुळे तयारी आधीच हवी.

जीपीकडे नोंदणी कधी करावी?
पहिल्याच आठवड्यात. जीपी म्हणजे तुमचे फॅमिली डॉक्टर. व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज भरला म्हणजे नोंदणी झाली, असे नाही. ती स्वतः करावी लागते. इंग्लंडमध्ये ती मोफत असून पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही.

नियमित औषधांचे काय?
• दोन-तीन महिन्यांची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या काही औषधांवर निर्बंध आहेत. आधी चौकशी करा.
• चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. आपल्याकडचे ब्रँड आणि एकाच गोळीतली काही मिश्रणे तिथे मिळत नाहीत.
• इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा.
• औषधे संपत आल्यावर नव्हे, निदान तीन आठवड्यांची शिल्लक असतानाच जीपींना भेटा.
• मधुमेहासाठी औषध किंवा थायरॉइडची गोळी चालू असल्यास इंग्लंडमध्ये औषधांचे शुल्क माफ होऊ शकते. त्यासाठीचा अर्ज जीपींकडे मागा.

पहाटे तीनला जाग येते?
घाबरू नका. हिवाळ्यात लंडनमध्ये पहाटेचे तीन वाजतात तेव्हा भारतात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. सकाळी उजेडात फिरा, दुपारची झोप टाळा. साधारण आठवड्याभरात झोप सुरळीत होते.

ऊन कमी असल्याने ड जीवनसत्त्वही कमी पडते. सावळ्या त्वचेच्या व्यक्तींनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा, असा एनएचएसचा सल्ला आहे.

ताप आला तर?
साधा सर्दी-ताप समजून अंगावर काढू नका. 'मी नुकताच भारतातून आलो आहे' किंवा 'आले आहे' हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. मलेरिया आणि टायफॉइडची लक्षणे प्रवासानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात. तुम्ही कुठून आलात हे कळले नाही, तर त्यांची तपासणी राहून जाऊ शकते.

मदत कुठे मिळेल?
• तातडीचा सल्ला हवा असल्यास: १११, चोवीस तास, मोफत.
• छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे: ९९९.
• लांब विमानप्रवासानंतर एकाच पोटरीला सूज व वेदना असल्यास त्याच दिवशी सल्ला घ्या. ती रक्ताची गुठळी असू शकते.

घरची आठवण येणे स्वाभाविक आहे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा कशातच मन लागत नसेल, तर तेही जीपींना सांगा. जीव नकोसा वाटू लागला, तर दोन आठवडे थांबू नका; लगेच मदत मागा.