बाहुलीपासून आभासी वॉर्डापर्यंत

रक्ततपासणीसाठी हात पुढे करताना आपण नकळत परिचारिकेच्या चेहऱ्याकडे पाहतो. तिचा हात सराईत असावा, एवढीच त्या क्षणी इच्छा असते. पण प्रत्येक सराईत हात कधीतरी नवशिका असतोच. मग त्याने पहिली चूक कोणाच्या शरीरावर करायची? हा प्रश्न जुना आहे.

अठराव्या शतकात फ्रान्समधील आंजेलिक द्यु कुद्रे या सुईणीने कापड व चामडे वापरून स्त्रीच्या कटिभागाची प्रतिकृती तयार केली. सोबत बाळाची बाहुलीही होती. १७५९ साली राजाज्ञा मिळाल्यावर ती गावोगावी फिरून सुईणींना शिकवू लागली. पुढे १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची परिचारिका-शाळा सुरू झाली. तिथे शिक्षणाचे मुख्य ठिकाण वॉर्ड हेच होते. म्हणजे हात बसेपर्यंतचा त्रास रुग्णाच्याच वाट्याला!

अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचर्या विद्यालयाच्या प्रमुख लॉडर सदरलँड यांनी यावर उपाय शोधला. बाहुल्या बनविणाऱ्या मार्था चेस यांच्याकडून त्यांनी पूर्ण मानवी आकाराची बाहुली करून घेतली. १९११ साली आलेली ही ‘मिसेस चेस’ ५ फूट ४ इंच उंच होती. तिला कूस बदलून देता येई, कपडे घालता येत. १९१४ च्या सुधारित बाहुलीच्या दंडावर इंजेक्शनचाही सराव करता येऊ लागला. १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी-उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांनी ‘रिसुसी ॲन’ आणली. तिच्यावर तोंडाने श्वास देण्याचा सराव होई. याच दशकात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेला ‘सिम वन’ हा संगणकनियंत्रित पुतळा श्वास घेई, पापण्या मिटे आणि औषधांना प्रतिसादही देई.

आता दुसरा धागा पाहू. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसविण्याचा दृश्यपट तयार केला. आडनाव तेच असले तरी हे गृहस्थ संगणकशास्त्रज्ञ! तो छताला टांगलेला होता. त्यात केवळ रेषांच्या आकृत्या दिसत. पण मान वळवली की चित्रही त्यानुसार बदले. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवायची आणि डोक्याच्या हालचालीबरोबर ती लगेच नव्याने काढायची, हेच तत्त्व आजच्या आभासी वास्तवाच्या चष्म्यातही आहे. १९८० च्या दशकात जॅरन लॅनिअर यांनी ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हा शब्द रूढ केला.

हे दोन्ही धागे आता एकत्र आले आहेत. २०२० मध्ये कोविडमुळे विद्यार्थ्यांना वॉर्ड बंद झाले, तेव्हा अनेक देशांतील परिचर्या महाविद्यालयांनी पडद्यावरील व आभासी सरावाचा आधार घेतला. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव प्रत्येक विद्यार्थिनीला वॉर्डात पाहायला मिळेलच असे नाही; चष्म्यात मात्र तो प्रसंग दहा वेळा अनुभवता येतो. औषधाची मात्रा चुकली, तरी कोणाचा जीव जात नाही.

मग वॉर्डाची गरज संपली का? २०१४ साली अमेरिकेत दहा शिक्षणक्रमांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष अनुभवाचे निम्मे तास चांगल्या प्रतिरूप सरावाने भरून काढले, तरी ज्ञान आणि कौशल्य यांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र हा निष्कर्ष निम्म्या तासांपुरताच आहे आणि तो केवळ चष्म्याविषयी नाही. बोटाखाली दबणारी शीर, तापाने फणफणलेली त्वचा, घाबरलेल्या आजोबांची घट्ट पकड यांचा अनुभव आजचे चष्मे पुरेसा देत नाहीत. शिवाय सराव संपल्यावर ‘काय चुकले, का चुकले?’ अशी चर्चा शिक्षकाने घडवून आणली नाही, तर त्या सरावाचा मोठा लाभ हातातून निसटतो.

शिक्षकमित्रहो, हा मुद्दा आपल्या प्रयोगशाळेलाही लागू पडतो. काचेचे भांडे फुटेल म्हणून आपण प्रयोग स्वतःच करून दाखवतो. विद्यार्थ्याला निर्धोकपणे चुकता येईल अशी जागा आपण किती ठेवतो, याचा या निमित्ताने विचार करायला हवा.