डीजे सेटसाठी चांगले साऊंड सॅम्पल कुठे मिळतात? ते कसे पारखायचे?

एक गाणे संपून दुसरे सुरू होताना मध्येच वाजणारा सायरन, हॉर्न, ड्रमचे चार ठोके किंवा फक्त गायकाचा आवाज. अशा छोट्या ध्वनितुकड्यांना सॅम्पल म्हणतात. इंटरनेटवर ते ढिगाने मिळतात, अनेकदा फुकटही. पण मोबाइलवर झकास वाटलेला आवाज मोठ्या स्पीकरवर फाटका ऐकू येतो, किंवा सेटचा व्हिडिओ टाकताच त्यावर कॉपीराइटचा दावा येतो. म्हणून डाउनलोड करण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या: फाइलचा दर्जा आणि वापराचा परवाना.

सॅम्पल कुठे शोधायचे?

फ्रीसाऊंड: बार्सिलोनातील पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या संगीत तंत्रज्ञान गटाने २००५ मध्ये सुरू केलेला हा संग्रह मोफत आहे. शोधताना परवाना, फाइलचा प्रकार आणि लांबी यांनुसार चाळणी लावता येते. नोंदणी न करता ऐकू येतो तो फक्त दाबलेला नमुना. मूळ फाइलसाठी खाते उघडावे लागते.

लूपरमॅन: वापरकर्त्यांनी टाकलेले लूप, म्हणजे सलग फिरवता येणारे तुकडे, येथे मोफत मिळतात. गायनाच्या तुकड्यांना मात्र वेगळ्या अटी आहेत. पैसे मिळवून देणाऱ्या कामासाठी ते वापरायचे तर गायकाची परवानगी घ्यावी लागते.

स्प्लाइस: ही सशुल्क सेवा आहे. वर्गणी भरून क्रेडिट मिळतात आणि त्यातून हवा तेवढाच आवाज घेता येतो. टेम्पो आणि स्वरपट्टीनुसार शोधता येत असल्याने वेळ वाचतो.

बीबीसी साऊंड इफेक्ट्स: पाऊस, रेल्वे, गर्दी असे ३३ हजारांहून अधिक आवाज येथे आहेत. मोफत वापर वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या कामापुरताच आहे. मानधनाच्या कार्यक्रमासाठी वेगळा परवाना लागतो.

दर्जा कसा ओळखायचा?

शक्यतो डब्ल्यूएव्ही, एआयएफएफ किंवा फ्लॅक फाइल घ्यावी. ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट हा सीडीचा दर्जा आहे. २४ बिट असेल तर अधिक चांगले. एमपी३ च घ्यायची असेल तर ३२० केबीपीएसची.

१२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग सहसा कापलेला असतो. त्यामुळे झांज आणि हाय-हॅट निस्तेज वाटतात. अशी फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये बदलली तरी गेलेला भाग परत येत नाही, फक्त आकार वाढतो. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम पाहावा. झांजेच्या आवाजात १६ किलोहर्ट्झजवळ सरळ रेषेत काप दिसला तर फाइल बहुधा एमपी३ वरून केलेली आहे. बासच्या आवाजात वरचा भाग मुळातच नसतो, तिथे ही कसोटी लावू नये.

लहरीची टोके वरून सपाट दिसत असतील तर रेकॉर्डिंग फाटलेले असू शकते. लूपची लांबीही मोजावी. १२० बीपीएमला १६ ठोक्यांचा लूप बरोबर ८ सेकंदांचा असतो. तो कमी-जास्त भरला तर बीट सरकत जाते.

परवाना कसा वाचायचा?

• सीसी० : कोणतीही अट नाही.
• सीसी बाय : निर्मात्याचे नाव देणे बंधनकारक.
• सीसी बाय-एनसी : नाव द्यायचे आणि व्यावसायिक वापर टाळायचा.
• रॉयल्टी-फ्री : याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा पैसे दिले की प्रत्येक वापरासाठी पुन्हा द्यावे लागत नाहीत, एवढेच.

सिनेमातील गाण्याचा तुकडा कोणीतरी सीसी० म्हणून टाकला, तरी तो मोकळा होत नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रण, चाल आणि शब्द यांचे हक्क वेगवेगळे असतात. ‘काही सेकंद वापरले तर चालते’ असे सर्रास सांगितले जाते, पण कायद्यात सेकंदांची अशी कोणतीही सूट नाही.

हे का महत्त्वाचे?

‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन बँडच्या १९६९ मधील ‘आमेन, ब्रदर’ या ध्वनिमुद्रणात ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला सुमारे ७ सेकंदांचा ड्रमचा तुकडा आहे. पुढे तो हजारो गाण्यांत वापरला गेला, पण बँडला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. कोलमन यांचे २००६ मध्ये निधन झाले. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४ हजार पौंड दिले, ते कोणत्याही हक्काने नव्हे, तर कृतज्ञता म्हणून.

हलगी, संबळ किंवा ताशाचा आवाज हवा असेल तर इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे लिहून शोधावे. मनासारखे मिळाले नाही तर वादकाला बोलावून, त्याची लेखी परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन २४ बिटमध्ये रेकॉर्डिंग करता येते. आवाज कुठून आला, कोणाचा आहे आणि परवाना कोणता, ही नोंद प्रत्येक फोल्डरमध्ये ठेवावी. व्हिडिओवर दावा आला तर उत्तर देताना तीच उपयोगी पडते.